सातव्या मुक्कामावरची साक्ष

आईची वही कोणी न्यायची, यावरून निघायच्या आदल्या आठवड्यात दोघी बहिणींत चांगलंच वाजलं. आरडाओरडा झाला असं नाही. धाकटीने दोन दिवस तोंडाला कुलूप लावलं, आणि तिसऱ्या दिवशी थोरलीने "मी मोठी आहे" हा हुकमाचा पत्ता टाकला. त्यावर कोणत्याच धाकट्या भावंडाकडे उत्तर नसतं. धाकटीने मान तुकवली.

या धाकटीचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. बाजारात तिला सगळे चाकवाली म्हणत; घरात मात्र चाळिशी उलटली तरी ती बारकीच राहिली होती. दुकान मूळचं आईचं. स्पोक किती ओढायचा, किती सोडायचा, हे आईने तिला ती आठ वर्षांची असताना शिकवलं होतं. गिऱ्हाईकाला जे दिसत नाही ते काम आधी नीट करायचं, ही आईची शिस्त. त्यामुळे चाकवालीच्या दुकानात बाहेरून रंग उडालेल्या सायकली दिसायच्या, पण आतलं बेअरिंग कसं लोण्यासारखं फिरायचं.

थोरली, म्हणजे ताई, शिवणकाम करायची. तीही सायकलवर जाणार म्हटल्यावर शेजारणी हसल्या, तेव्हा ती म्हणाली होती, "तीस वर्षं मशीनचं पायडल मारतेय, एक इंच पुढे सरकले नाही. आता जरा बघू तरी, पायडल मारून माणूस कुठे पोचतो ते."

त्या रस्त्यावर अकरा मुक्काम होते आणि शेवटी डोंगराच्या सोंडेवर देवस्थान. पूर्वी लोक पायीच जात. पुढे सायकलींना मुभा मिळाली, पण नियम जुनेच राहिले. प्रत्येक यात्रेकरूजवळ एक वही असे. मुक्कामाला पोचलं की ती तिथल्या माणसापुढे ठेवायची. तो विचारायचा, "स्वतःच्या बळावर आलात?" एकटा आलेला असला तर त्याचा शब्द पुरे. पण जे सोबत निघालेत त्यांनी एकमेकांची साक्ष द्यायची. मग शिक्का. एवढंच. कागद नाही, पुरावा नाही. सगळा कारभार शब्दावर.

ज्याला स्वतःला येणं शक्य नाही, त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी वही नेली तरी चालायचं. तिच्यावर लाल शिक्के पडायचे. ती पहिल्या मुक्कामावर ज्याच्या हाती असेल त्याच्याच हाती शेवटपर्यंत राहायची, मध्येच कोणाला सोपवता यायची नाही. आणि सगळे शिक्के पुरे झाले की देवस्थानाच्या पायरीवर त्या न आलेल्या माणसाचं नाव मोठ्याने वाचलं जायचं.

आईला ते नाव ऐकायचं होतं. ती तरुणपणी एकदा या रस्त्याला लागली होती, पण चौथ्या मुक्कामावर निरोप आला की बारकीला ताप भरलाय, आणि ती परत फिरली. पुढे दुकान, संसार, आणि आता खुब्याचं मोडलेलं हाड. सायकल तर सोडाच, अंगणापर्यंत जायला तिला काठी आणि माणूस दोन्ही लागायचं. "तुझ्या तापाने माझा रस्ता खाल्ला बघ," असं ती बारकीला थट्टेत म्हणायची. बारकी हसायची. पण ज्या गोष्टीवर माणूस दर वेळी हसतो, ती त्याला कुठेतरी टोचत असते. म्हणूनच ती वही स्वतः न्यावी असं तिला फार वाटत होतं.

पहिले तीन दिवस दोघी बरोबर गेल्या. म्हणजे बारकी पुढे जायची, चढाच्या माथ्यावर थांबायची, आणि ताई धापा टाकत येऊन म्हणायची, "थांबलीस कशाला, जा की देवाला सांग मी येतेय." तिसऱ्या संध्याकाळी ताईचा उजवा गुडघा सुजला. रात्रभर शेकून सकाळी तो उतरल्यासारखा वाटला. मग ताईनेच तोड काढली. रोज सकाळी बरोबर निघायचं, पण पुढे बारकीने आपल्या वेगाने जायचं. "तू माथ्यावर उभी राहून वाट बघतेस ना, त्याचंच मला जास्त दडपण येतं," ती म्हणाली. बारकीला ते पटलं. आपण शिकवायला बसलो की गिऱ्हाइकाचे हात थरथरतात, हे तिने दुकानात पाहिलं होतं.

चौथ्या दिवशी बारकी मुक्कामाला पोचली आणि तासाभराने ताई आली. पाचव्या दिवशीही तसंच. चेहरा तापलेला, केसांत धूळ, पण हसतमुख. शिक्क्याच्या टेबलापाशी विचारणा झाली की बारकी छाती पुढे काढून सांगायची, "हो, स्वतःच्या बळावर. सुजलेला गुडघा घेऊन आलीय माझी बहीण." एका ठिकाणी तर तिने हे इतक्या कौतुकाने सांगितलं की रांगेतल्या लोकांनी ताईला बसायला खुर्ची दिली.

संध्याकाळी सायकलींची देखभाल बारकीकडे. चेन पुसायची, तेलाचे थेंब सोडायचे, चाकं फिरवून ऐकायची. पाचव्या मुक्कामावर तिला ताईच्या मागच्या टायरला बगलेत चीर दिसली. तिने सामानातलं नवं टायर काढलं आणि बसवलं. ताई शेजारी बसून शेजारणीच्या नातवाचं झबलं शिवत होती. "हे टायर संपेपर्यंत देव दिसला पाहिजे," असं काहीतरी ती म्हणाली आणि दोघी हसल्या.

आता, नवं टायर जवळून पाहिलं नसेल तर सांगायला हवं. साच्यातून निघताना त्याच्यावर रबराचे बारीक केस राहतात, उभे, मिशीच्या खुंटांसारखे. ते बगलेला असतात तसेच मधल्या पट्टीवरही असतात, जिथे टायर रस्त्याला टेकतं. बगलेचे वर्षभर राहतील. मधले मात्र पाच-दहा किलोमीटरांत झिजून जातात. हे सायकलवाल्यांना माहीत असतं. इतरांना त्या केसांकडे बघायचं कारणच पडत नाही.

सहाव्या दिवसाचा पल्ला बासष्ट किलोमीटरांचा होता. त्यातला निम्मा रस्ता उखडलेला. ताई नेहमीसारखी तासाभराने आली, बारकीने नेहमीसारखी साक्ष दिली, शिक्का पडला. संध्याकाळी बारकीने ताईची सायकल उलटी केली, फडकं घेतलं आणि मागच्या चाकावर अंगठा टेकवून ते फिरवलं.

अंगठ्याला केस लागले. मधल्या पट्टीवरचे. एकूण एक उभे.

तिला आधी वाटलं, आपण दुसरंच चाक धरलंय. तिने पुन्हा फिरवलं. सायकलवर धूळ होती, दांडीवर होती, मडगार्डवर होती, अगदी सीटखालीही होती. मुठीने उचलून टाकल्यासारखी. चेन मात्र तिने काल पुसली होती तशीच चकाकत होती. बारकीच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. आत ताई कोणाशी तरी झबल्याच्या गळ्याबद्दल बोलत होती. तिचा आवाज अगदी नेहमीचा होता, आणि बारकीला त्याचंच भय वाटलं.

जेवताना ताईने तिच्या ताटात जास्तीचा घास वाढला, तो तिने खाल्ला. मनाशी ती सबबी शोधत होती. कदाचित ताई थोडं अंतर सायकल हाताने ढकलत आली असेल. पण ढकलली तरी चाक फिरतंच. कुठूनही गेलं तरी वाट त्याच जागी येत होती.

सातव्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी पुढे निघाली आणि पुलापलीकडच्या एका बंद गॅरेजच्या भिंतीआड थांबली. अर्ध्या तासाने ताई आली. पुलाच्या टोकाशी भाजीचा एक टेम्पो उभा होता. ताई उतरली. टेम्पोवाल्याने काही न विचारता सायकल उचलली, खाली पोतं अंथरलं, पॅडल आत वळवलं, दोरी मारली. रोजची सवय असलेल्या माणसाचे हात होते ते. ताई पुढे त्याच्या शेजारी बसली. आईची वही असलेली पिशवी तिने मांडीवर घेतली. टेम्पो बारकीच्या समोरून गेला तेव्हा ताई काहीतरी ऐकून हसत होती.

तो दिवसभराचा रस्ता बारकीने कसा कापला हे तिला पुढे नीट आठवेना. चढ आले, उतार आले. आठवत होते ते फक्त तीन हो. चौथ्या मुक्कामावरचा, पाचव्यावरचा, सहाव्यावरचा. ताई खोटं बोलली, याचं दुःख होतंच. पण खोट्यावर छाप आपल्या तोंडाची होती, आणि आपण ती छाती पुढे काढून मारली होती, हे तिला सोसवेना. रांगेतल्या लोकांनी खुर्ची दिली होती ती आठवली की तिचे कान गरम व्हायचे.

मुक्कामाच्या गावाआधी एक वळण होतं. तिथे एका कठड्यावर ताई बसली होती, झाडाच्या सावलीत, मांडीवर झबलं. तिने दोरा दातांनी तोडला, वर पाहिलं, आणि समोर बारकीला बघून तिच्या हातातली सुई तशीच राहिली. रोज टेम्पो भाजी उतरवत बारकीच्या मागून यायचा, आणि ती गावात पोचल्यावरच ताई अशा एखाद्या वळणावर उतरायची. आज मात्र बारकीच पुलापाशी थांबून मागे राहिली होती.

"दमले गं, जरा टेकले," ताई म्हणाली.

बारकी सायकलवरून उतरली नाही. एक पाय जमिनीला टेकवून तिने विचारलं, "केव्हापासून?"

"काय केव्हापासून?"

"मी पुलापाशी होते, ताई."

ताईने झबल्याची घडी घातली. मग ती उलगडली आणि पुन्हा घातली. चौथ्या दिवसापासून, ती म्हणाली. गुडघा वळेचना. पहिल्या चढावरच डोळ्यांपुढे काजवे चमकले. तो टेम्पोवाला भला माणूस निघाला, रोज त्याच रस्त्याने भाजी नेतो.

बारकीने विचारलं, तिसऱ्या मुक्कामावर का नाही सांगितलंस? थांबलो असतो. आठवडा, पंधरवडा, हवं तितकं. दुकान काही पळून जात नव्हतं. ताईने सुई झबल्यात खोचली. मग एकदम, अंगावरचं ओझं टाकावं तशी म्हणाली, "आईला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"सगळं. तिसऱ्या संध्याकाळी मी तिला फोन केला. म्हटलं, मला नाही जमणार, वही इथेच राहू दे. ती म्हणाली, वही थांबवू नकोस, गाडीने जा. आता थांबलीस तर पुन्हा कोण निघतंय, आणि तोवर मी असेन की नाही."

"आणि मला?"

ताईने तिच्याकडे बघायचं टाळलं. "तुला सांगू नकोस म्हणाली. बारकीला माहीत नसलं की ती खरंच बोलेल, तिचा चेहरा बघून कोणी दुसरा प्रश्न विचारणार नाही. आणि तिला माहीत नाही, म्हणजे तिने खोटं बोलल्यासारखं होत नाही. तुझ्या भल्याचाच विचार केला गं आम्ही."

ते 'आम्ही' बारकीला सगळ्यात जास्त लागलं. इतके दिवस ती समजत होती की रस्त्यावर दोघी आहेत आणि घरी आई. दोघी होत्या खऱ्या, पण त्यांत ती नव्हती.

तिने तिथेच कठड्यापाशी उभं राहून आईला फोन लावला. आईने आधी तब्येत विचारली, वारा कसा आहे विचारलं. बारकीने सरळ विषयाला हात घातला. मग आई समजूत घालायच्या सुरात बोलू लागली. एवढं काय त्यात. ताईने तीन मुक्काम तर केलेच ना. देवाला गुडघा दिसत नाही का. दवाखान्यातल्या बाईंना, शेजाऱ्यांना, सगळ्यांना सांगून ठेवलंय की नाव वाचतील तेव्हा फोनवर ऐकायला या. आता चार दिवसांचा तर प्रश्न.

"आई," बारकी म्हणाली, "तीन दिवस तू माझ्या तोंडाने बोललीस. मला न विचारता."

"मग आजचा दिवस विचारून बोलते. देशील साक्ष?"

बारकीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"एकदा अडवलास माझा रस्ता," आई म्हणाली. आवाजात थट्टा नव्हती. "तेव्हा लहान होतीस. आता लहान नाहीस."

फोन बंद झाल्यावर दोघी सायकली हाताने ढकलत गावात शिरल्या. ताई लंगडत होती; ते खरं होतं. वाटेत ती एकदाच बोलली. म्हणाली, टेम्पोत बसल्यावर रोज वाटायचं, आज सांगते. पण तू टेबलापाशी असं काही माझं कौतुक करायचीस की जीभच उचलायची नाही. बारकीने ऐकून घेतलं. ते कौतुक तिला जन्मभर परत घेता येणार नव्हतं.

सातव्या मुक्कामावरच्या बाई साठीच्या होत्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी दोघींना आधी पाणी दिलं. मग चष्मा लावला, ताईने ठेवलेल्या दोन वह्यांतली आईची उघडली, लाल शिक्क्यांवरून बोट फिरवलं आणि आईचं नाव मनाशी वाचलं.

"स्वतःच्या बळावर आलात?" त्यांनी ताईला विचारलं.

ताई "हो" म्हणाली. अगदी हळू.

"सोबत कोण?"

"मी," बारकी म्हणाली.

"आल्या का या स्वतःच्या बळावर?"

शिक्का शाईत बुडवून बाईंचा हात वहीवर थांबला होता. ताईने बारकीकडे पाहिलं. ती विनवणी नव्हती. दुकानात एखादं गिऱ्हाईक जसं चाक हातात घेऊन नुसतं उभं राहतं, आता तुम्हीच काय ते बघा म्हणून, तसं ते बघणं होतं. बारकीला वाटलं, हो म्हणावं. एक अक्षर तर आहे. घरी काठीला टेकून बसलेली आई तिला दिसली, फोनभोवती जमलेल्या शेजारणी दिसल्या. ती हो म्हणायला तोंड उघडते आहे असं तिला स्वतःलाही वाटलं.

"नाही," ती म्हणाली. "चौथ्या, पाचव्या, सहाव्या मुक्कामालाही नाही. तेव्हा मला माहीत नव्हतं."

बाईंनी शिक्का बाजूला ठेवला. त्या रागावल्या नाहीत. त्यामुळे जास्तच अवघड झालं. त्यांनी दोन्ही वह्यांत चौथ्या पानापासून बारीक रेघा मारल्या आणि ताईला म्हणाल्या, "गुडघ्याला दोष नाही हो. तिसऱ्या मुक्कामावर राहिला असतात तर त्यांनी महिनाभर ठेवून घेतलं असतं. तिथून पुन्हा निघालात तर वही चालू होईल."

मग त्यांनी बारकीपुढे हात केला. "तुमची वही द्या."

बारकीने दिली. बाई ती चाळत राहिल्या आणि जरा अवघडून म्हणाल्या, "यांच्यासोबत निघालात. तुमची साक्ष चौथ्यापासून यांनीच दिलीय. आणि ज्यांचा शब्द अडला, त्यांची साक्ष धरता येत नाही."

बारकीला कळायला एक क्षण लागला. तिचे स्वतःचे चारही दिवस, पायाने मारलेलं एकूण एक पायडल, तेही रद्द होतं. ताई घाईघाईने पुढे झाली. "ती आलीय हो. ती खरंच आलीय. शपथ घेते."

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "त्यांच्याकडे बघून कळतंय. पण मला बघून कळलेलं चालत नाही." आणि त्यांनी बारकीच्या वहीतही चौथ्या पानापासून बारीक रेघा मारल्या.

रात्री दोघी एकाच खोलीत झोपल्या, दोन भिंतींकडे तोंड करून.

सकाळी परतीची बस होती. वर ताईची सायकल चढवायला बसवाल्याचा माणूस आला, पण त्याने दोरी नुसती चाकातून ओवली तशी बारकीने ती त्याच्या हातातून घेतली. तशाने स्पोक वाकले असते. ती टपावर चढली, सायकलची दांडी दोन ठिकाणी बांधली, हँडल फिरू नये म्हणून वेगळी गाठ मारली. गाठी हलवून बघितल्या. हे सगळं तिने कोणत्याही गिऱ्हाइकासाठी केलं असतं.

ती खाली उतरली तेव्हा ताई पायरीपाशी उभी होती. तिने पिशवीतून आईची वही काढून पुढे धरली.

"बाईंना विचारलं मी," ती म्हणाली. "कोरी करून पहिल्या मुक्कामापासून दुसऱ्याला नेता येते म्हणे. तुला हवी होती ना? घे. मी आईला सांगेन, तू नेतेयस. तू नेलीस तर कोणी बोट दाखवणार नाही."

बारकी त्या वहीकडे बघत राहिली. निघायच्या आदल्या आठवड्यात याच वहीसाठी तिने दोन दिवस मौन धरलं होतं. आता समोर आयती आली होती, आणि ती घ्यायला हात पुढे होत नव्हता. तू नेलीस तर कोणी बोट दाखवणार नाही. कालही तिचा हाच उपयोग होता.

"मी माझी पुरी करते," ती म्हणाली. "तिसऱ्यापासून. एकटीची."

"आणि आई?"

"आईची तुझ्याकडे आहे."

"एवढं धरून बसू नये गं बारके."

बसमध्ये बारकीची जागा ताईने खिडकीपाशी धरली होती. उलटं जाताना गाडीने गेलं तर चालतं, असं बाईंनी सांगितलं होतं. पण ती चढली नाही. बस गेली. धूळ बसेपर्यंत ती उभी राहिली, मग तिने सायकल वळवली.

तिसरा मुक्काम चार दिवसांवर होता आणि वारा समोरून. काल पार केलेले उतार आता चढ झाले होते. समोरून यात्रेकरू येत होते, कोणी चालत, कोणी सायकलवर, घोळक्याने, जोडीने. त्यांना वाटलं ही चुकली. जो तो हात करून सांगायचा. दुपारपर्यंत तिने सगळ्यांना मान हलवून उत्तर दिलं. एका चढावर मात्र एक म्हातारं जोडपं मुद्दाम थांबलं. आजोबांनी काठीने मागे, डोंगराकडे दाखवलं.

"बाई, देवस्थान तिकडे. उलट्या निघालात तुम्ही."

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि चढ सरला नव्हता म्हणून पॅडलवर उभी राहिली.